अल्जिनेट ड्रेसिंग: आप्पांच्या पायाच्या जखमेला वापरलं, त्याचा अनुभव

आप्पांना शुगर आहे, तळपायाला जखम झालेली आणि त्यातून सारखं पाणी यायचं. साधं गॉज सुकून जखमेलाच चिकटायचं, काढताना बिचारे दातओठ खात बसायचे, बघवायचं नाही. मग मिरजेच्या डॉक्टरांनी कॅल्शियम अल्जिनेटचं ड्रेसिंग लिहून दिलं आणि खरं सांगते, लई फरक पडला. पांढऱ्या लोकरीच्या पातळ चटईसारखं असतं. जखमेचं पाणी लागलं की त्यातलं कॅल्शियम बाहेर येतं, पाण्यातलं सोडियम आत जातं आणि धाग्यांचं जेल होतं. पट्टी बदलताना बघितलं तर मधे गुळगुळीत जेली, कडेचे धागे अजून कोरडेच, सलाईन ओतलं तसं अलगद सुटून आलं, आप्पा आरामात पेपर वाचत होते! जेल पिवळसर दिसतं, जरा वासही येतो, पू समजून घाबरू नका, पण लाली वाढली किंवा ताप आला तर लगेच डॉक्टरांकडे जा.

मला जास्त आवडलं ते हे बनतं कसं ते. तपकिरी समुद्री शेवाळातून धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात अल्जिनेट काढतात (स्टॅनफर्ड नावाच्या ब्रिटिश रसायनतज्ज्ञानं १८८१ मध्ये याचं पेटंट घेतलेलं), मग ते द्रावण बारीक छिद्रांतून कॅल्शियम क्लोराईडच्या पाण्यात सोडलं की धागा तयार, विरघळवायला विषारी सॉल्व्हंट लागतच नाही. शेवाळाला शेतजमीन नको, गोडं पाणी नको.

दुकानात चिटोसनची पट्टी पण दाखवली. रक्त थांबवायला ती चांगलीच, पण कोळंबी-खेकड्याच्या कवचातून चिटोसन काढायला हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि नंतर गरम, कडक कॉस्टिक सोडा लागतो, ते सांडपाणी तसंच सोडलं तर काय होतं ते कृष्णाकाठच्या माणसाला सांगायला नको, मेलेल्या माशांचा खच बघितलाय आपण. एन्झाइम आणि जिवाणू वापरून कवच साफ करायचे प्रयत्न चालू आहेत, तसं बनवलेलं मिळालं तर मी दोन पैसे जास्त देऊन घेईन. दोन्ही बॉक्सवर नुसतं 'नैसर्गिक' छापलंय, कुठल्या पद्धतीनं केलं याचा एक शब्द नाही, हे छापायलाच पाहिजे.

बाकी महाग आहे, साध्या गॉजच्या कितीतरी पट, वर धरायला दुसरी पट्टी लागते ती वेगळी. एका दुकानदारानं तर फाटलेलं पाकीट देऊ केलं, निर्जंतुक असतं ते, सील बघूनच घ्या. आणि कोरड्या जखमेला हे लावू नका, पाणीच नसलं तर जेल होत नाही आणि गॉजसारखंच चिकटतं.