वरून नवा रंग, खाली चिखल: चेनच्या गाडीचा स्किडर करताना मी कसा फसलो

हे लिहायला दोन महिने घेतले. राग निवळल्यावरच लिहायचं असं ठरवलं होतं. तो काही निवळला नाही. पण गेल्या आठवड्यात एका ओळखीच्या माणसाचा फोन आला, "चेनची जुनी गाडी बघतोय, मागे विंच बसवून लाकूड ओढायला घ्यावी म्हणतो. तुझी कशी चाललीय?" चेनची गाडी म्हणजे चाकांऐवजी रणगाड्यासारख्या लोखंडी पट्ट्यांवर चालणारी, आणि विंच म्हणजे ड्रमवर दोर गुंडाळून ओढणारं यंत्र. मीही अशीच गाडी घेऊन तिचा स्किडर, म्हणजे जंगलातून ओंडके ओढून काढणारं यंत्र, करायला निघालो होतो. काय काय बघून घेणार, असं मी त्याला विचारलं. इंजिन, धूर, गिअर, पत्रा. हे सगळं मीही बघितलं होतं. मला ज्या गोष्टींनी बुडवलं, त्यातली एकही त्याच्या बोलण्यात आली नाही. म्हणून आता लिहितोच.

कल्पना वेडगळ नव्हती, हे आधी सांगतो, कारण नंतर बरेच जण म्हणाले की हा नादच चुकीचा. ओल्या उतारावर चाकं रुततात तिथे चेन निघून जाते, कारण गाडीचं वजन लांब पट्ट्यावर पसरतं. अमेरिकेतल्या ज्या एफएमसी कंपनीने एम-११३ हे सैन्याचं चिलखती वाहन बनवलं, तिनेच पुढे टॉर्शन बार सस्पेन्शनचा (पीळ घेणाऱ्या पोलादी दांड्यांवर चाकं तोलणारा) चेनवाला स्किडर काढला. सोव्हिएत काळातला ओनेगा कारखान्याचा टीडीटी-५५ तर खास लाकूड ओढायलाच बनवलेला. मागे तिरकी ढाल, विंचने ओंडक्यांचे बुडखे तिच्यावर चढवायचे आणि शेंडे जमिनीवरून घासत न्यायचे. मला हेच हवं होतं, लहान प्रमाणात. ६० सेंटीमीटर जाडीचा, ६ मीटर लांबीचा ओला ओंडका दीड टनाच्या घरात जातो. पूर्ण जमिनीवर ठेवून ओढला तर त्याच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त ओढ लागू शकते. बुडखा उचलून धरला की ती बरीच कमी होते आणि उचललेला भार गाडीवर आल्याने चेनची पकडही वाढते. पाच-सहा टनांच्या गाडीला हे काम झेपायला हवं, असा माझा हिशेब होता. तो हिशेब आजही चुकीचा वाटत नाही.

विकणारा माणूस जुन्या यंत्रांची खरेदी-विक्री करणारा, आणि वेल्डिंगचं वर्कशॉपही त्याचंच. गाडी तो देणार. मागची प्लेट, विंच, ओंडका उचलून धरायची कमान आणि बसायच्या जागेमागची जाळी हेही तोच बसवून देणार. सगळं एका ठिकाणी होतंय म्हणून मी खूश झालो. गाडी विकणारा आणि तिला कापून-जोडून देणारा एकच असला, की विक्रीत लपवलेलं जोडणीत उघडं पडायची वाटच बंद होते, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

मी पोहोचलो तेव्हा इंजिन चालू होतं. "साहेब, तुमचा वेळ जायला नको म्हणून आधीच गरम करून ठेवलं," तो म्हणाला. मला ते सौजन्य वाटलं. थंड इंजिन किती वेळात पकडतं, पहिला धूर कोणत्या रंगाचा येतो, बॅटरीला किती दम लागतो, हे बघायची संधी त्याने त्या एका वाक्यात काढून घेतली. नंतर त्याने गाडी मैदानात फिरवून दाखवली. पुढे, मागे, गोल, परत गोल. मी मोबाइलवर चित्रीकरण केलं. घरी आल्यावर तीन-चार वेळा कौतुकाने बघितलंही.

त्या चित्रीकरणात गाडी एकदाही उजवीकडे वळत नाही. प्रत्येक वळण डावं. शेडच्या कोपऱ्यावरून उजवीकडे वळली असती तर दहा पावलांत काम झालं असतं, तिथेही तो डावीकडून पूर्ण मैदान फिरून आला. हे मला दिसलं ते गाडी ताब्यात आल्यावर, उजवा लिव्हर पोटापर्यंत ओढूनही ती सरळच चालत राहिली तेव्हा. अशा गाडीत दोन्ही बाजूंना वेगळा स्टिअरिंग क्लच असतो. लिव्हर ओढला की त्या बाजूच्या चेनची ताकद तुटते, मग ब्रेक लागतो आणि गाडी वळते. माझ्या गाडीचा उजवा क्लच गंजून एकजीव झाला होता. वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या यंत्रात हे होतंच, त्यात नवल नाही. पण विकणाऱ्याला ते पक्कं माहीत होतं. माहीत नसलेला माणूस सगळी वळणं डावीकडे घेत नाही.

आता चिखलाचं. गाडीला वरून ताजा रंग होता, इतका ताजा की बॉनेटवर हात ठेवला तर वास येत होता. आणि खाली, स्प्रॉकेटपासून (चेन फिरवणारं दातेरी चाक) रोलरपर्यंत (चेनवर टेकणारी खालची छोटी चाकं), चिखल थापल्यासारखा बसलेला. मला वाटलं, गाडी कामात आहे, चालती आहे, बरंच आहे. जो माणूस विकण्यासाठी बोल्टच्या डोक्यांपर्यंत रंग मारतो, तो खालचा चिखल पाण्याने धूत का नाही, हा प्रश्न मी विचारायला हवा होता. मी तो धुतला पंधरा दिवसांनी. आतून स्प्रॉकेटचे दात निघाले ते करवतीसारखे टोकदार. चांगल्या दाताला डोक्यावर रुंदी असते. चेनच्या पिना आणि बुश (पिनांवरच्या नळ्या) झिजले की प्रत्येक कडी थोडी लांबते, ती दाताच्या खोबणीत नीट बसत नाही, दातावर चढते आणि त्याला झिजवत जाते. त्यामुळे टोकदार दात दिसले की चेनकडे संशयाने बघायचं.

मग कड्या मोजल्या. खडूने एका कडीवर खूण करून, दोनदा. उजवीकडे ४२, डावीकडे ४१.

फोन केला तर तो हसला. "साहेब, सैन्याच्या गाड्यांत एक कडी कमी-जास्त असतेच." हे वाक्य मला अजून छळतं, कारण ते अर्धं खरं आहे. एम-११३ला खरोखरच एका बाजूला ६३ आणि दुसऱ्या बाजूला ६४ कड्या असतात. तिचे टॉर्शन बार आडवे, एकापुढे एक टाकलेले असतात, त्यामुळे एका बाजूची चाकं दुसऱ्या बाजूपेक्षा थोडी पुढेमागे येतात. माझ्या गाडीत टॉर्शन बार नाहीतच. दोन्ही बाजूंची चाकं समोरासमोर आहेत, सूत धरून तपासलं. दोन्हीकडे कड्या सारख्याच हव्यात. झालं होतं असं: डावी चेन झिजून इतकी लांबली होती की आयडलर (चेन ताणून धरणारं पुढचं चाक) पुढे ढकलून ढकलून ताणायची जागाच संपली. म्हणून एक कडी काढून टाकली. आयडलर परत मागे आला आणि चेन वरून बघताना छान ताठ दिसायला लागली. ताठ चेन बघून मी मान डोलावली होती.

हे पकडायला वर्कशॉप लागत नाही, मोजपट्टी पुरते. स्प्रॉकेटच्या दातात एक जाड पिन अडकवायची, गाडी किंचित मागे घ्यायची, म्हणजे वरची चेन ताणली जाते. मग इंजिन बंद करून सलग चार कड्यांचं अंतर, पिनेच्या मध्यापासून पिनेच्या मध्यापर्यंत, मोजायचं आणि त्या चेनच्या नव्या मापाशी ताडून बघायचं. दोन्ही बाजूंना करायचं. चेनच्या यंत्राच्या देखभालीचा निम्म्याच्या आसपास खर्च या खालच्या भागावर होतो, असं या कामातली माणसं सांगतात. मी बघायला गेलो तेव्हा अर्धा तास इंजिनपाशी उभा होतो, आणि खाली वाकलो नाही.

फायनल ड्राइव्हची (स्प्रॉकेटला फिरवणाऱ्या शेवटच्या गिअरपेटीची) गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती जुनी युक्ती आहे, तरी मी तिला बळी पडलो. तिसऱ्या दिवशी डाव्या बाजूने घरघर सुरू झाली. खालचा प्लग खोलला तर ऑइल वाहिलंच नाही. एक जाडसर लोळा बाहेर आला, लोंबला आणि पातेल्यात पडला. बोटांत चोळला तेव्हा तंतू लागले. लाकडाचा भुसा. घट्ट ऑइलमध्ये भुसा कालवला की झिजलेल्या गिअरचा आवाज काही तास दबतो. मैदानात चार फेऱ्या मारण्यापुरता नक्कीच. लोहचुंबक फिरवला तर त्याला दाताचा एक तुकडा चिकटून आला, नखाएवढा, एका बाजूने चकचकीत आणि दुसऱ्या बाजूने काळा पडलेला. काळी बाजू म्हणजे जुनी तड. म्हणजे तो दात माझ्या हातात तुटायला आला, पण तडकला होता आधीच. बघायला गेलो त्याच दिवशी प्लग सैल करून कपभर ऑइल काढलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं. विकणारा प्लग उघडू देत नसेल तर तेच उत्तर समजा.

इथपर्यंत सगळं पैशांचं नुकसान होतं. पुढचं वेगळं आहे.

कसंबसं दुरुस्त करून, क्लच सोडवून, आम्ही पहिला ओंडका ओढायला घेतला. गाडीवर मी, खाली दोर बांधायला पुतण्या. दोर जवळजवळ पूर्ण सोडलेला. विंचवर लिहिलेली ताकद ड्रमवर दोराचा पहिलाच थर असतानाची असते. ड्रम भरून त्याचा व्यास दुप्पट झाला तर ओढ निम्मी होते. म्हणजे दोर लांब सोडलेला असताना विंच सर्वांत जोरात ओढतं, आणि गाडीच्या मागच्या जोडणीवर सर्वांत जास्त ताण तेव्हाच येतो. ओंडका एका खुंटाला अडला. मी क्लच सोडायच्या आत मागून कडकड आवाज आला, आणि विंच, प्लेटसकट, गाडीपासून सुटून ओंडक्याच्या दिशेने गेलं. जमिनीवर आदळून लोळत थांबलं. पुतण्या दोराच्या रेषेबाहेर, एका झाडाच्या आड उभा होता, कारण तिथे उभं राहायचं असं मी त्याला दहा वेळा बजावलं होतं. तो बाहेर आला आणि एवढंच म्हणाला, "काका, हे सुटलं कसं?" मला बोलता येईना. मी इंजिन बंद केलं आणि बराच वेळ खाली उतरलोच नाही.

सुटलं कसं ते दुसऱ्या दिवशी नीट बघितलं. गिअरबॉक्सच्या मागच्या बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) केसिंगवर प्लेट बसवलेली. त्या केसिंगला आधीपासून हातभर चीर होती. ती साध्या वेल्डिंग रॉडने भरली होती, बीड आधी तापवण्याची तसदीही न घेता. असं केलं की वेल्डिंगच्या कडेचं बीड कडक आणि ठिसूळ होतं आणि शेजारूनच नवी चीर जाते. वेल्डिंग ग्राइंडरने सपाट करून वर पुट्टी, पुट्टीवर रंग. आठ बोल्टांपैकी दोन भोकांत आटेच उरले नव्हते, तिथे बोल्टला तार गुंडाळून ठोकून बसवला होता. बोल्टच्या डोक्यांवर ८.८ असं कोरलेलं हवं होतं, म्हणजे ८०० मेगापास्कलपर्यंत ताण सोसणारा. डोकी रंगाने माखलेली. खरवडली तर कोरी.

चिरेवर पुट्टी भरताना त्या माणसाने ती चीर डोळ्यांनी बघितली असणार. तिथेच विंच बसणार आणि त्याच्या मागे कोणीतरी माणूस दोर बांधत उभा राहणार, हेही त्याला माहीत होतं. हे मी त्याला कधीच माफ करू शकणार नाही.

फोनवर तो म्हणाला, "तुम्ही जास्त लोड दिला." नंतर म्हणाला, पावती बघा. पावतीवर "जशी आहे तशी" हे शब्द होते आणि खाली माझी सही. जाळी, कमान, बोल्ट, केसिंग यांबद्दलचं सगळं बोलणं तोंडी झालेलं. जाळी तर "नंतर लावून देतो" म्हणून बसवलीच नव्हती. सही करताना ते तीन शब्द मी वाचले होते. जुन्या मालाला असं लिहितातच, अशी मीच स्वतःची समजूत घातली होती. पण विंच बसवणं हे जुन्या मालात येत नाही, ते त्याने नव्याने केलेलं काम होतं, आणि त्या कामाचा वेगळा कागद मी मागायला हवा होता: कोणते बोल्ट, प्लेटची जाडी किती, जोडणी गाडीच्या कुठल्या भागाला. मी तुटलेल्या जागेचे फोटो पाठवल्यावर त्याने विंचच्या कामाचे थोडे पैसे परत केले. बाकीच्यासाठी रीतसर तक्रार दिली आहे. एका स्वतंत्र यंत्र-तपासनिसाचा लेखी अहवाल सोबत जोडला आहे. काय होईल ते होईल.

गाडी सध्या लाकडी ठोकळ्यांवर उभी आहे. मागची जोडणी आता केसिंगला करायची नाही. दोन्ही बाजूंच्या मुख्य चौकटीला धरून वेगळी फ्रेम घ्यायची, म्हणजे ओढ गिअरबॉक्सवर येणार नाही, असं ठरवलं आहे. दोराची ओढही शक्य तितकी खालून येईल असं बघतोय, कारण ती उंचावरून आली आणि ओंडका अडला तर गाडीचं नाक वर उठतं.

पण हे लिहिलं ते माझ्या गाडीसाठी नाही. तुमच्यापैकी कोणी आगाऊ रक्कम देऊन बसला असेल आणि गाडी अजून त्या वर्कशॉपमध्येच असेल, तर उद्यावर टाकू नका. न कळवता जा, इंजिन थंड असताना. प्लेट जिथे बसणार आहे तिथला रंग चाकूने खरवडा, आणि खाली पांढरी पुट्टी दिसली तर ती पूर्ण निघेपर्यंत खरवडत राहा. तोवर त्या दोरामागे कोणालाही उभं करू नका.