बोया बीवाय-एम१: मुलाखतीला उत्तम, ठाण्याच्या सॅटिसखाली बिनकामाचा

मास मीडियाला प्रवेश झाला की पहिल्याच सत्रात 'चार जणांच्या मुलाखती रेकॉर्ड करून आणा' असं काम अंगावर येतं आणि माईकची शोधाशोध सुरू होते. मुंबई विद्यापीठाचा बीएएमएमसी, म्हणजे जुना बीएमएम, करणाऱ्यांना सीनियर हमखास सुचवतात तो हा बोयाचा कॉलर माईक. किंमत साधारण हजाराच्या आसपास. एवढ्या पैशांत इतका स्वच्छ आवाज देणारं दुसरं काही सहज मिळत नाही. तरीही यावर केलेलं रेकॉर्डिंग वाया जातं, आणि बहुतेक वेळा त्याची कारणं ठरलेली असतात.

पहिलं कारण म्हणजे वायरीवरच्या नळकांड्याचं बटण. त्याच्या दोन जागा आहेत. एक 'ऑफ/स्मार्टफोन', दुसरी 'कॅमेरा'. फोनला लावल्यावर माईकला वीज फोनच देतो, म्हणून बटण 'ऑफ'वर असलं तरी माईक चालू असतो. इथेच सगळे फसतात. 'ऑफ' वाचून बटण सरकवलं जातं आणि फोनवरचा आवाज बिघडतो किंवा येतच नाही. डीएसएलआर, रेकॉर्डर किंवा लॅपटॉपला लावताना मात्र 'कॅमेरा' हवं. तेव्हा नळकांड्यातला एलआर४४ सेल काम करतो. काम झाल्यावर बटण परत आणलं नाही, तर सेल पिशवीतल्या पिशवीत उतरतो. घड्याळाच्या दुकानात हा सेल मिळतो. दोन जास्तीचे जवळ ठेवा.

कॅमेऱ्यावर आणखी एक पथ्य. या माईकचा सिग्नल जोरकस आहे. कॅमेऱ्याची ऑटो लेव्हल (आवाजाची पातळी आपोआप कमी-जास्त करणारी सोय) बंद करून पातळी हाताने अगदी खाली आणा आणि बोलण्यातले सगळ्यात मोठे आवाज मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. ऑटो चालू राहिली तर समोरचा माणूस विचार करायला थांबला की कॅमेरा आवाज वाढवतो आणि मागे 'स्स्स' ऐकू येतं. एडिटिंगमध्ये ते साफ करायला गेलं की आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो.

हेडफोनची खाच नसलेल्या फोनला टाइप-सी कन्व्हर्टर लागतो, पण रस्त्यावरचा कुठलाही चालत नाही. काही कन्व्हर्टरमधून फक्त गाणी ऐकू येतात, माईक पोचतच नाही. डॅक (आवाजाचं डिजिटल रूपांतर करणारी चिप) असलेला आणि माईक चालतो असं स्पष्ट लिहिलेला घ्या. मुळात फोन टाइप-सीचाच असेल तर त्याच कंपनीचा बीवाय-एम३ घ्यावा, मधला एक सांधा कमी होतो. कुठलाही घेतला तरी रेकॉर्डिंगआधी माईकवर नख घासा, मग फोनच्या तळाशी टिचकी मारा. ज्याचा आवाज मोठा, तोच माईक चालू आहे. माईकने खाच अडवल्यामुळे रेकॉर्ड होताना ऐकता येत नाही, म्हणून २० सेकंदांचा नमुना घेऊन, माईक काढून, इअरफोनवर ऐकणं सोडू नका.

लावायची जागा हनुवटीखाली वीतभर, छातीच्या मधोमध. शर्टाला बटणपट्टी असते, तिथे प्रश्न येत नाही. कुर्त्याला गळ्याची कड पकडावी. साडीत पदराच्या निरीला क्लिप लावली की पदर हलताना खसखस येते. ब्लाऊजची कड बरी. मंगळसूत्र, गळ्यातलं ओळखपत्र, ओढणी यांचा माईकला होणारा प्रत्येक स्पर्श रेकॉर्ड होतो, तेव्हा संकोच न करता ते बाजूला करायची विनंती करा. क्लिपच्या मागे वायरीचा एक छोटा वळसा अडकवला की ओढ थेट माईकपर्यंत जात नाही. घरात मुलाखत असेल तर पंखा बंद करा आणि फोन चार्जिंगवरून काढा, नाहीतर घुमघुम येते. निघण्याआधी कुणीही न बोलता ३० सेकंद खोली रेकॉर्ड करा. कापलेल्या वाक्यांच्या मधल्या फटी त्यानेच बुजतात.

आता ठाण्याबद्दल. हा माईक सगळ्या दिशांनी सारखाच ऐकतो. राम मारुती रोडवरच्या दुकानात, सकाळच्या उपवनला किंवा सोसायटीच्या जिन्यात तो मान राखतो. सॅटिस, म्हणजे स्टेशनबाहेरचा बसचा उन्नत पूल, त्याखाली मात्र वर टीएमटीच्या (ठाणे परिवहनच्या) बस, खाली रिक्षा आणि डोक्यावर काँक्रीटचं छत, त्यामुळे सगळा गोंगाट फिरून परत माईकमध्येच येतो. जांभळी नाक्यावर आणि कौपिनेश्वर मंदिराबाहेर संध्याकाळी हीच गत. तिथे क्लिप विसरा, माईक चिमटीत धरून तोंडापासून १० सेंटीमीटरवर आणा. अंतर निम्मं झालं की आवाज ६ डेसिबलने वाढतो, गोंगाट तेवढाच राहतो. रस्त्यावर रोजच जनमत घ्यायचं असेल तर एका दिशेने ऐकणारा हँड माईकच घ्या. माईकवर चढवायचा सोबतचा फोम श्वास अडवतो, खाडीकाठचा वारा नाही. त्याला केसाळ टोपी लागते. आणि स्टेशनच्या आत चित्रीकरणाला रेल्वेच्या जनसंपर्क विभागाची परवानगी लागते, पुलावर उभं राहून ती आठवू नये.

दोघांना एकाच वेळी माईक लावायचा म्हणून दोन तोंडांचा बीवाय-एम१डीएम घेणाऱ्यांनी आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी. फोनवर दोन्ही आवाज एकाच ट्रॅकवर येतात. एक खोकला की दुसऱ्याचं वाक्य गेलं.

वायर ६ मीटर आहे, ही सोयही आणि कटकटही. गर्दीत ती कुणाच्या तरी पायात येते, म्हणून फोन बोलणाऱ्याच्याच खिशात ठेवून उरलेली वायर रबरबँडने बांधा. कोपराभोवती दोरीसारखी करकचून गुंडाळली की आतल्या तारा पिनेपाशी तुटतात आणि खरखर सुरू होते. मोठे, सैल वळसे घाला. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी टाका, सेल बाहेर काढून ठेवा. फोम सगळ्यात आधी हरवतो. सुटे फोम मिळतात, माईक घेतानाच चार-पाच घेऊन ठेवा. बाजारात नकली माल बराच असल्याने बिल आणि वॉरंटीशिवाय खोकं उचलू नका.