साताऱ्यात तीसच कॉपी छापायच्या असतील तर: मोती चौकाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानाचा माझा अनुभव

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज जमलं. हा रिव्ह्यू एका झेरॉक्सच्या दुकानाचा आहे. मोती चौकातून राजवाड्याकडे जाताना एका बोळात आहे, बोर्डवर नाव वगैरे काही नाही, नुसतं झेरॉक्स, लॅमिनेशन, बाइंडिंग एवढंच लिहिलंय. काका आणि त्यांच्या सूनबाई मिळून चालवतात, कॉम्प्युटर वहिनी बघतात आणि कटिंग-बाइंडिंग काका.

आधी माझं काम काय होतं ते सांगते, त्याशिवाय कळणार नाही. गेली चार वर्षं मी पावसाळा संपत आला की कासच्या पठारावर जाते, घरातून तासाभराच्या आत पोचतो. तिथं फुलांचे फोटो काढायचे आणि घरी येऊन पेन्सिलने, कधी वॉटरकलरने चित्र काढायचं. चित्रकलेचं शिक्षण काही नाही, ऑफिस सांभाळून रात्री जेवणं झाली की काढते. आणि दुसरा नाद म्हणजे त्याच फुलांची किंवा त्यांच्या भाऊबंदांची जुनी चित्रं इंटरनेटवर शोधायची. बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी म्हणून एक साइट आहे, जगभरच्या लायब्ररींनी आपली जुनी वनस्पतींची पुस्तकं स्कॅन करून तिथं टाकलीत, सगळं फुकट. तिथं मला रॉबर्ट वाइटचे खंड सापडले. हा ईस्ट इंडिया कंपनीतला स्कॉटिश डॉक्टर, मद्रासकडे असायचा, त्याने १८५३ पर्यंत भारतातल्या झाडांचे सहा खंड काढले, त्यात दोन हजारांवर चित्रं आहेत. पण ती चित्रं त्याने नाही काढलेली, आपल्या दक्षिणेतल्या माणसांनी काढलीत, रुंगय्या आणि गोविंदू. चित्राच्या खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात गोविंदू असं इंग्रजीत लिहिलेलं असतं आणि पुढे डेल, म्हणजे लॅटिनमध्ये याने काढलं. हे मला जेव्हा कळलं तेव्हा मी रात्री एक वाजेपर्यंत एकेक पान मोठं करून फक्त कोपरे बघत बसले होते.

तर ठरवलं की एक छोटी पुस्तिका करायची, एका पानावर माझं चित्र आणि समोरच्या पानावर इंटरनेटवर सापडलेलं जुनं चित्र, खाली चार ओळी माहिती. तीस कॉपी, ओळखीच्यांना द्यायला.

पहिल्यांदा मी दुसऱ्या एका ठिकाणी गेले होते, नाव लिहीत नाही. तिथं आधी तर तीसच का, पाचशे काढा परवडेल असं झालं, मग माझी फाईल त्यांच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली त्यात सगळी जोडाक्षरं तुटली, आणि सॅम्पल म्हणून जी कॉपी हातात दिली त्यात चित्रांच्या कडा कापलेल्या, पान भरलेलं दिसावं म्हणून मोठं केलं म्हणे. गोविंदूचं नाव गेलं. दीडशे वर्षांहून जास्त टिकलेलं नाव माझ्या पुस्तिकेत कापलं गेलं याचं मला इतकं वाईट वाटलं की ते काम मी तिथंच थांबवलं.

मग एका मैत्रिणीने हे दुकान सांगितलं, तिच्या मुलाचं कॉलेजचं ब्लॅक बुक, म्हणजे प्रोजेक्टचा रिपोर्ट, इथं बाइंड केलं होतं.

गेले तर वहिनींनी पेन ड्राइव्ह लावला आणि पहिलाच प्रश्न, "ताई, हे चित्र व्हॉट्सॲपवरून घेतलंय का?" बरोबर ओळखलं, तीन-चार चित्रं मी बहिणीला पाठवलेल्या चॅटमधून परत घेतली होती आणि व्हॉट्सॲप पाठवताना फोटो लहान करतं. त्यांनी स्क्रीनवर दाखवलं, चित्राची रुंदी सहाशे पिक्सेल, म्हणजे ठिपके, आणि प्रिंट नीट यायला एका इंचात तीनशे लागतात, म्हणजे हे चित्र दोन इंचच नीट येणार, त्यापुढे फुटणार. आपलं पान ए फाईव्ह, म्हणजे ए फोरच्या निम्मं, रुंदी पावणेसहा इंचाच्या आसपास, म्हणजे पानभर चित्र हवं असेल तर साडेसतराशे पिक्सेल तरी पाहिजेत. मोबाईलवर सगळंच छान दिसतं हो, कागदावर आलं की कळतं. घरी जाऊन मी त्या साइटवरून मूळ मोठी पानं परत डाऊनलोड केली आणि व्हॉट्सॲपवर पाठवायचं असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायचं हे तेव्हापासून पक्कं लक्षात ठेवलं.

दुसरं म्हणजे पानं. माझी झाली होती कव्हरची चार धरून सव्वीस. वहिनी म्हणाल्या, असं चालत नाही, ए फोर कागद मधे दुमडला की चार पानं होतात, त्यामुळं चारच्या पाढ्यातच बसलं पाहिजे, चोवीस करा नाहीतर अठ्ठावीस. काढायला तर एकही पान मन होईना. मग त्याच म्हणाल्या दोन पानं कोरी ठेवा की, ज्याला द्याल त्याला काढू दे काहीतरी. ही कल्पना सर्वस्वी त्यांची, मी त्यावर फक्त "तुम्हाला दिसलेलं फूल इथं काढा" एवढी ओळ टाकली.

रंगाचं मात्र अवघड गेलं. कासवर सीतेची आसवं असतात ना, कातळावर पाणी झिरपतं तिथं जांभळा गालिचा होतो ती, तो जांभळा स्क्रीनवर अगदी जसाच्या तसा होता आणि पहिल्या प्रिंटमध्ये आला मळकट करडा. स्क्रीनवर रंग उजेडाचा असतो, तांबडा हिरवा निळा, आणि मशीनमध्ये चार टोनर, म्हणजे चार रंगांची पूड, त्यामुळं काही निळे-जांभळे कागदावर येतच नाहीत, हे मला वहिनींनी समजावलं. त्यांनी मॅजेंटा थोडा वाढवून, निळा कमी करून परत प्रिंट काढला, मग परत, पाचव्या वेळी जमलं. शंभर टक्के नाही पण ओळखू येतं की ही सीतेची आसवं आहेत. पाचही टेस्ट प्रिंटचे मिळून त्यांनी चाळीस रुपये घेतले. माझं दवबिंदूचं चित्र, ते किडे चिकटवणारं झाड हो, त्याच्या तांबड्या केसांवरचे थेंब पहिल्याच प्रिंटला सुंदर आले होते. गोविंदूची चित्रं काळ्या रेघांची आहेत त्यामुळं त्यांना रंगाचा प्रश्नच नव्हता.

कागद त्यांनीच सुचवला. मी चकचकीत आर्ट पेपर मागत होते, काकांनी एकेक पान दोन्हीवर काढून समोर ठेवलं. चकचकीतवर पेन्सिलची रेघ चमकते आणि खालचं बारीक वाचताना ट्यूबलाईट डोळ्यात येते, साध्या शंभर जीएसएमच्या (जीएसएम म्हणजे कागदाचं वजन, जितकं जास्त तितका जाड) बाँड पेपरवर पेन्सिल पेन्सिलसारखी दिसते. तोच घेतला. कव्हरला २५० जीएसएमचं कार्ड.

आणि आता काकांचं काम, ज्यासाठी खरं तर मी हे लिहायला बसले. जाड कार्ड नुसतं दुमडलं तर घडीवर रंग तडकतो, पांढरी रेघ दिसते. काका स्टीलची पट्टी ठेवतात आणि शाई संपलेलं एक बॉलपेन घेऊन त्या पट्टीच्या कडेने मधोमध दोनदा दाबून रेघ मारतात, मग त्या खाचेवर घडी घालतात, नखाने नाही, कात्रीच्या मुठीने दाबून. एकही कव्हर तडकलं नाही, तीसच्या तीस मी बघितली. पिना मारायच्या का विचारलं तर म्हणाले, "आपल्याकडं पाऊस बघताय न्हवं, दोन वर्षांत गंजत्यात, कागदाला डाग पडतो, दोऱ्यानं शिवूया." आणि खरंच प्रत्येक पुस्तिका मधल्या घडीवर दाभणाने तीन भोकं पाडून, दोऱ्याला मेण लावून शिवली. गाठ आतल्या बाजूला. शिवून झाल्यावर कडा कापायच्या असतात कारण आतली पानं किंचित बाहेर येतात, तर कटर खाली आणायच्या आधी काकांनी चष्मा वर करून पान जवळ धरलं आणि मला विचारलं, "ताई, खाली कोपऱ्यात बारीक कायतरी लिवलंय, ते ऱ्हायला पायजे का?" मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. मी म्हणलं काका तेच तर राहायला पाहिजे, आणि मग गोविंदू कोण ते सांगितलं. ते ऐकून त्यांनी कटरची पट्टी एक सूत मागे घेतली.

चित्रं कुणाची हेही वहिनींनी आधी विचारलं होतं, त्यांना नेटवरून कुणाचंही उचलून आणलेलं छापायला आवडत नाही. वाइटची पुस्तकं हक्कातून कधीच मोकळी झालीत, आपल्याकडे लेखक गेल्यावर साठ वर्षांनी होतात आणि हा माणूस तर १८७२ मध्ये गेला. विकिमीडिया कॉमन्स या फुकट फोटोंच्या साइटवरचा एक फोटो मात्र मी घेतला होता त्याच्याखाली फोटोग्राफरचं नाव आणि लायसन्स लिहिणं बंधनकारक होतं, ते टाकलं. असं छपाईच्या दुकानात कुणी विचारतं हे मी पहिल्यांदाच पाहिलं आणि मला ते फार आवडलं.

खर्च सांगते. काळ्या-पांढऱ्या पाठपोट कागदाला ४ रुपये असे चार कागद, रंगीत पाठपोट २० रुपये असे दोन, कव्हर २५, शिवणकाम १०, म्हणजे कॉपीला ९१. तीस कॉपींचे २७३० झाले, त्यांनी २७०० घेतले. मागच्या वर्षी दिवाळीच्या आधीचे भाव आहेत हे, आता विचारून घ्या.

काय आवडलं नाही तेही लिहिते. मंगळवारी देतो म्हणाले आणि शुक्रवारी दिलं, मधे दोनदा माझी चक्कर झाली. व्हॉट्सॲपवर मेसेज केला तर उत्तर येत नाही, फोनच करावा लागतो. रंगीत मशीन एकच आहे, मार्च-एप्रिलमध्ये ब्लॅक बुकवाल्या मुलांची रांग असते आणि गणपतीच्या आधी मंडळांची पावती पुस्तकं, तेव्हा असलं निवांत काम घेऊन जाऊ नका, त्यांनाही त्रास आणि आपल्यालाही. ए थ्री, म्हणजे ए फोरच्या दुप्पट कागद, निघत नाही, त्यामुळं ए फोर आकाराची शिवलेली पुस्तिका इथं होणार नाही. शंभराच्या वर कॉपी हव्या असतील तर ते स्वतःच सांगतात की ऑफसेटला, म्हणजे मोठ्या छापखान्यात, जा. गाडी राजवाड्याजवळ लावून चालत या, बोळात टू-व्हीलरसुद्धा वळत नाही. फाईल पीडीएफ करूनच न्या, मी मुक्ता फॉन्ट वापरला होता, तो फुकट मिळतो, पीडीएफमध्ये एकही अक्षर तुटलं नाही.

माझ्यासारखे बरेच जण आहेत साताऱ्यात, कुणी किल्ल्यांचे नकाशे काढतं, कुणी आजीच्या ओव्या रेकॉर्ड करून लिहून ठेवतं, नेटवर काय काय शोधून जमवतं आणि ते सगळं मोबाईलमध्येच पडून राहतं. त्यांना म्हणून हा पत्ता.

तीसमधली एक कॉपी काकांनी पैसे देऊन ठेवून घेतली, मी नको म्हणत होते तरी. आणि कोऱ्या पानांचं सांगायचं राहिलं, आत्तापर्यंत तिघांनी त्यावर काढून मला फोटो पाठवलेत, एकीच्या सात वर्षांच्या मुलीने घरामागचा तेरडा काढलाय, आणि खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात स्वतःचं नाव.