७ किलोची स्वस्त कॅट फूडची बॅग, दोन मांजरांनी संपवली त्याचा रिव्ह्यू

आधीच सांगते, रिव्ह्यू एका बॅगेचा आहे पण त्यात हिशोबच जास्त आहे, ज्यांना हिशोबाचा कंटाळा त्यांनी डायरेक्ट खाली जाऊन मार्क बघा. ब्रँडचं नाव लिहीत नाहीये कारण असली बॅग दहा नावांनी मिळते. खूण सांगते, चकचकीत प्लास्टिक, पुढे भलतंच गुबगुबीत मांजर, आणि आत लाल हिरवे पिवळे माशाच्या आकाराचे दाणे. मांजर वासावर खातं, त्याला दाणा लाल आहे का हिरवा याचं काही पडलेलं नसतं, म्हणजे ते रंग विकत घेणाऱ्यासाठी आहेत हे उघडच आहे. तरी घेतली.

घरात खाणारी दोन, मनी ४ किलोची आणि बोका ५ किलोचा, दोघांचीही नसबंदीची ऑपरेशनं झालेली, दोघंही घरातच असतात. मध्यंतरी घरातला एक पगार थांबला आणि सगळ्या खर्चांना कात्री लावायला बसलो, तेव्हा मांजरांचं महागडं फूड पहिल्यांदा नजरेत आलं. ही बॅग किलोमागे सरळ पाव भागाने स्वस्त होती, म्हणजे महागडीला १०० धरा तर हिला ७५. म्हटलं झालं काम, पंचवीस टक्के वाचले.

वाचले नाहीत. किती वाचले ते सांगते, पण त्याआधी बॅगेच्या मागचं बारीक अक्षर, कारण ते मी घरी आल्यावर वाचलं, दुकानात वाचायला हवं होतं.

लेबलवर पहिलं काय बघायचं तर 'कम्प्लीट' लिहिलंय का. म्हणजे फक्त तेवढंच खाऊन मांजर धड राहील असं कंपनी सांगतेय. 'कॉम्प्लिमेंटरी' लिहिलं असेल तर ते तोंडी लावण्यापुरतं, रोजचं जेवण नाही, आणि मजा म्हणजे दिसायला सगळ्यात भारी पाऊच बऱ्याचदा हेच असतात. या बॅगेवर कम्प्लीट होतं, मोठ्या मांजरांसाठी, टॉरीन घातलेलं होतं. दोन मार्क इथेच दिले. टॉरीन म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मांजराला लागतं पण त्याचं शरीर ते स्वतः पुरेसं बनवू शकत नाही, ते मांस माशातूनच यावं लागतं किंवा वरून घालावं लागतं. १९७५ मध्ये कळलं की ते नसलं की डोळ्याचा पडदा खराब होतो, आणि १९८७ मध्ये कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठात दाखवलं गेलं की मांजरांचं हृदय फुगून कमजोर व्हायचं त्यामागे पण टॉरीनच कमी पडत होतं. ती मांजरं उकिरड्यावरचं खाणारी नव्हती बरं का, विकतचंच फूड खात होती. त्यानंतर कंपन्यांनी टॉरीन वाढवलं. म्हणून मी आता कितीही स्वस्त असलं तरी हा शब्द शोधते, आणि म्हणूनच कुत्र्याचं फूड स्वस्त पडतं म्हणून मांजराला घालू नका, त्यात मांजराच्या हिशोबाने टॉरीन घातलेलं नसतं.

दुसरं, घटकांची यादी. वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. यात पहिला मका, दुसरा गहू, तिसऱ्या नंबरवर चिकन मील. प्रोटीन २६ टक्के. अमेरिकेत ॲफकोचा (जनावरांच्या खाण्याचे निकष ठरवणारी तिथली संस्था) जो नियम आहे तो मोठ्या मांजराला कमीत कमी २६ टक्के प्रोटीन, पण ते पाणी वजा करून, तसं मोजलं की हिचे २९ होतात, म्हणजे ही बॅग काठावर नाही, थोडी वरच होती. 'मील' शब्दाला मी आधी नाकं मुरडायची, नंतर कळलं मील म्हणजे पाणी काढलेलं मांस, उलट 'फ्रेश चिकन' पहिल्या नंबरवर दिसतं ते त्यातल्या पाण्याच्या वजनामुळे पण असू शकतं. तर इथपर्यंत बॅग वाईट नाही. विष नाही, कचरा नाही, पास आहे.

आता हिशोब. ४ किलोच्या, घरात लोळणाऱ्या, ऑपरेशन झालेल्या मांजराला दिवसाला साधारण २०० ते २४० कॅलरी लागतात, मी मनीला २२० धरते. महागड्या फूडमध्ये १०० ग्रॅमला ३९० कॅलरी होत्या, म्हणजे ५६ ग्रॅममध्ये काम व्हायचं. या स्वस्त बॅगेत १०० ग्रॅमला ३२०, म्हणजे ६९ ग्रॅम घालावं लागतं. आता ५६ ला १०० ने गुणा, ५६००. ६९ ला ७५ ने गुणा, ५१७५. फरक किती, साडेसात टक्के. पंचवीसचे साडेसात झाले बघा! किलोचा भाव बघून खरेदी केली की असं होतं, मांजर किलो खात नाही, कॅलरी खातं. मला हे कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं म्हणून इतकं सविस्तर लिहितेय.

प्रामाणिकपणे दुसरी बाजू पण सांगते, ६९ ग्रॅममधून प्रोटीन येतं जवळपास १८ ग्रॅम, आणि महागड्याच्या ५६ ग्रॅममधून (त्यात ३४ टक्के होतं) १९. म्हणजे आकड्यात फार फरक नाही. फरक दिसला तो लिटर बॉक्समध्ये, म्हणजे मांजरांच्या शी-शूच्या रेतीच्या डब्यात. अक्षरशः दुप्पट शी. वास वेगळाच. दिवसाला दोनदा साफ करायचं ते तीनदा झालं आणि लिटर लवकर संपायला लागलं, तो खर्च तर मी वरच्या हिशोबात धरलाच नाहीये. वरून जास्त घालायचं, खालून जास्त काढायचं, मधल्या मधे मांजराला काय मिळालं तर तेवढंच.

खायला मात्र दोघांनी कुरकुर केली नाही, तुटून पडले. बदल मी आठ दिवसांत केला, आधी पाव नवं पाऊण जुनं असं, कारण एकदम बदललं की जुलाब होतात. आणि मांजर रुसलं म्हणून 'भूक लागेल तेव्हा खाईल' असं करू नका, दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या, त्यात जाड्या मांजराच्या, लिव्हरवर येतं, ते फार महागात पडतं.

पाचव्या आठवड्यात बॅगेची गडबड सुरू झाली. दोघांचं मिळून दिवसाला दीडशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे ७ किलोला सहा-सात आठवडे. तोंडाला झिप नाही, मी वरून चिमटा लावायची. महिन्यानंतर बॅग उघडली की जुन्या तेलासारखा वास यायला लागला, दाणा हाताला चिकट लागायला लागला, आणि मनी वाटीपाशी यायची, वास घ्यायची आणि जमीन उकरल्यासारखं करून निघून जायची, जणू लिटर बॉक्समध्येच आहे. अपमान म्हणजे काय तर तो. दाण्यावर चरबीचा थर मारलेला असतो तो हवेने खराब होतो. शेवटचं किलोभर टाकून दिलं. साडेसात टक्के वाचवायला निघाले होते आणि सातातला एक किलो कचऱ्यात, करा आता हिशोब.

हां, एक चूक माझी पण होती. मी अर्धी बॅग प्लास्टिकच्या डब्यात ओतली होती. ओतायची नसते, बॅगेसकट डब्यात ठेवायची, कारण डब्याच्या भिंतीला जुनं तेल चिकटून राहतं आणि नवं फूड पण त्यात लवकर खवट होतं.

बॅगेबरोबर एक फुकट कप येतो, त्याच्यावर माप लिहिलेलं. संशय आला म्हणून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तीनदा तोच कप तसाच भरून मोजला, ५२, ६१ आणि ६६ ग्रॅम. एकच कप, एकच हात! रोज चौदा ग्रॅम जास्त म्हणजे पंचेचाळीसेक कॅलरी. बोक्याचं वजन ५ वरून ५.६ का झालं ते कळलं. वजनकाटा हाच या सगळ्यात खरा पैसे वाचवणारा, कारण आमच्या घरात अन्न महाग नव्हतं, अन्न जास्त जात होतं. आता सकाळी दोन डब्यांत दिवसाचं मोजून ठेवते, त्यातूनच चार वेळा देते, डबा संपला की दुकान बंद.

मधे एक प्रयोग केला तो पण सांगते. म्हटलं विकतचं नकोच, चिकन उकडून घालू, ताजं, स्वस्त. दोन आठवडे घातलं. दोघं खूष, मी स्वतःवर खूष. लसीला गेलो तेव्हा व्हेटला, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरांना, अभिमानाने सांगितलं आणि त्यांनी एकच विचारलं, कॅल्शियम कुठून येतंय. नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळपास नाही, आणि टॉरीन पाण्यात विरघळतं, उकडलेलं पाणी मी बेसिनमध्ये ओतत होते. घरचं बनवता येतं पण त्याची रेसिपी पशुआहारातल्या जाणकाराकडून घ्यावी लागते, त्यात सप्लिमेंट येतात, ते धरले तर स्वस्त राहत नाही. आता चिकन किंवा उकडलेलं अंडं फक्त खाऊ म्हणून, दिवसाच्या कॅलरीतल्या दहाव्या हिश्शापर्यंत. मनीचं म्हणजे २२ कॅलरी, म्हणजे पाव अंडं. ती फक्त पिवळं खाते, पांढरं माझ्या चपलेत नेऊन ठेवते. कांदा लसूण घातलेलं काही नको, कच्चा मासा रोज नको, लिव्हर रोज नको, आणि दूध तर बहुतेक मोठ्या मांजरांना पचतच नाही, त्यावरचे पैसे वाचले समजा.

पाण्याचं सांगायचं राहिलं. ड्राय फूडमध्ये, म्हणजे दाण्यांत, पाणी दहाएक टक्के, टिनमधल्या ओल्या फूडमध्ये पाऊणच्या वर. मांजर मुळात पाणी कमी पितं. एका रात्री बोका लिटर बॉक्समध्ये जाऊन बसतोय, जोर लावतोय, काही नाही, परत जाऊन बसतोय, तशीच उचलून नेला. निघाली बद्धकोष्ठता, पण व्हेट म्हणाले आणलंत ते बरं केलंत, बोक्याची लघवी अडकली असती तर एक-दोन दिवसांत जीव जातो, घरी बसून अंदाज लावायचा नाही. आता दाण्यावर कोमट पाणी घालते, वास सुटतो, चाटूनपुसून खातात, उरलं तर तासाभरात उचलते. याला पैसा लागत नाही.

टिनवर प्रोटीन १० टक्के बघून मी आधी हसायची. टिनमध्ये ७८ टक्के पाणी, उरलं २२, त्यातलं १० म्हणजे ४५ टक्के. आपल्या २६ वाल्या बॅगेचं तसंच काढा, पाणी १० वजा, येतं २९. तर टिन वाईट नसतंच, पण कॅलरीमागे महाग पडतं, पूर्ण टिनवर दोघांना ठेवणं आम्हाला झेपणारं नाही. म्हणून आठवड्यात तीनदा एक मोठं टिन दोघांत, लहान पाऊचपेक्षा मोठं टिन ग्रॅममागे स्वस्त पडतं, उरलेलं झाकून फ्रीजमध्ये, दोन दिवसांत संपवायचं आणि देताना थंडगार द्यायचं नाही. ज्या दिवशी टिन त्या दिवशी दाणे कमी, हे विसरायचं नाही, मी विसरले होते, बोका साक्षीला आहे.

तर सध्या काय चाललंय. मधल्या भावाचं एक साधं पॅकेट मिळालं, ३ किलोचं, झिपवालं, एकाच तपकिरी रंगाचे दाणे, पहिला घटक चिकन मील, प्रोटीन ३२, १०० ग्रॅमला ३७० कॅलरी, भाव वरच्या मापाने ८०. मनीला ६० ग्रॅम, म्हणजे ४८००, महागड्याच्या ५६०० पुढे चौदा टक्के वाचतात, स्वस्त बॅगेच्या दुप्पट. तीन-साडेतीन आठवड्यांत संपतं, खवट व्हायला वेळच मिळत नाही. शी पूर्ववत.

मार्क. ७ किलोची रंगीत बॅग, पाचपैकी अडीच. कम्प्लीट आहे म्हणून दोन, दोघांनी आवडीने खाल्लं म्हणून अर्धा, बाकी कापले. चार-पाच मांजरं असतील आणि बॅग तीन आठवड्यांत फस्त होत असेल तर तीन धरा, रस्त्यावरच्या मांजरांना घालत असाल तर साडेतीन, तिथे पोट भरणं आधी. एक वर्षाच्या आतल्या पिल्लांना मात्र ही नको, त्यांना वाढीचं वेगळं फूड लागतं, आणि किडनीचं वगैरे दुखणं असलेल्यांनी कोणाचाच रिव्ह्यू वाचून काही बदलू नका, माझा तर नाहीच. तपकिरी पॅकेटला चार. पाचवा मार्क झिपसाठी राखून ठेवला होता पण ती दुसऱ्या पॅकेटला तिसऱ्याच दिवशी निघाली.

फुकटचा कप टाकला नाही, कुंडीत माती घालायला बरा पडतो.