किट लेन्स की पन्नासची प्राइम?

लेक रांगायला लागली तसा जुना क्रॉप सेन्सरचा (३५ एमएम फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान सेन्सरचा) कॅमेरा कपाटातून बाहेर काढला. सोबत १८-५५ एमएमची किट लेन्स (कॅमेऱ्याबरोबरच मिळणारी, झूम होणारी) होतीच. पुढे ५० एमएम एफ/१.८ प्राइम (झूम न होणारी लेन्स) सेकंडहँड घेतली. एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते आणि उजेड जास्त येतो.

फरक कळला तो संध्याकाळी, दिव्याखाली. किट लेन्स ५५वर फार तर एफ/५.६ उघडते. शटर १/२० सेकंदावर येतं आणि वरणभाताने माखलेला हात म्हणजे नुसता पिवळा फराटा. त्याच उजेडात, आयएसओ (उजेडासाठीची संवेदनशीलता) तोच ठेवून, पन्नासची जवळपास १/२०० देते. बोटांना चिकटलेलं शीत न् शीत दिसतं. मात्र १.८वर फोकसची खोली इतकी कमी की एक डोळा स्पष्ट, दुसरा धूसर, असं हमखास होतं. म्हणून मी सहसा २.८वरच ठेवतो.

अडचण जागेची. क्रॉप सेन्सरवर ५० म्हणजे ३५ एमएम फिल्मवरच्या साधारण ७५-८०सारखी, चौकटीत कमी मावतं. वन बीएचकेत अख्खं पोर फ्रेममध्ये घ्यायला मागे सरत सरत मी थेट मोरीत! (आणि ती मागोमाग रांगत हजर, ते वेगळंच.) तिथे किटचं १८चं रुंद टोकच कामाला येतं. बागेत, दिवसाउजेडी, किट पुरते.

तरी रात्रीच्या जेवणाला पन्नासचीच लावतो. नव्याने घ्यायची असती तर ३५ची घेतली असती.