नायट्रोजन की साधी हवा? टायर जास्त चालावा म्हणून

नवे टायर बसवून गाडी जॅकवरून खाली उतरली की हवा भरणारा विचारतो, "नायट्रोजन टाकू का?" उत्तर द्यायला आपल्याकडे जेमतेम दोन मिनिटं असतात. मी दोन्ही उत्तरं देऊन पाहिली आहेत. आधीचे चार टायर सुरुवातीपासून शेवटपर्यंत नायट्रोजनवर चालले, आत्ताचे चार साध्या हवेवर चालू आहेत. गाडी तीच, चालवणारा मीच, रोजचा रस्ताही तोच. टायरची कंपनी मात्र बदलली, त्यामुळे याला काटेकोर चाचणी म्हणता येणार नाही. पण जे दिसलं ते सांगतो. गाडीला किती प्रेशर हवं ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं आणि टायरच्या बाजूवर छापलेला आकडा हा कमाल मर्यादेचा असतो, एवढं तुम्हाला माहीत आहे असं धरतो.

नायट्रोजनची बाजू आधी मांडतो, कारण ती खोटी नाही आणि साध्या हवेवाले बरेच जण ती सरसकट उडवून लावतात. रबर पूर्ण हवाबंद नसतं. टायरच्या भिंतीतून हवा अतिशय हळू, पण सतत झिरपत असते आणि ऑक्सिजन नायट्रोजनपेक्षा लवकर झिरपतो. अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्सने ३१ प्रकारचे टायर घेऊन हे तपासलं होतं. प्रत्येक प्रकारच्या एका टायरात नायट्रोजन, दुसऱ्यात साधी हवा, दोन्हींत ३० पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक), आणि टायर वर्षभर उघड्यावर ठेवलेले. वर्षाअखेरीस साध्या हवेचे टायर सरासरी ३.५ पीएसआय उतरले, नायट्रोजनचे २.२. म्हणजे फरक आहे. फक्त तो वर्षाला सव्वा-दीड पीएसआयचा आहे, आणि तोही रस्त्यावर न चालणाऱ्या टायरांतला. चालत्या गाडीत वॉल्व्हमधून, रिमच्या कडेतून, एखाद्या बारीक खिळ्यातूनही हवा जाते. त्या वाटेने जाताना कुठला वायू आहे याला फारसा अर्थ उरत नाही.

दुसरा मुद्दा कोरडेपणाचा. कंप्रेसरच्या टाकीत पाणी साठतं, ते वेळेवर काढलं नाही तर हवेबरोबर टायरात जातं, आणि लोखंडी रिमला आतून गंज धरू शकतो. नायट्रोजन कोरडा येतो. माझ्या जुन्या टायरांचे रिम उघडले तेव्हा आतून खरंच स्वच्छ होते, हे श्रेय मी देतो.

पण जे सर्रास सांगितलं जातं की "नायट्रोजन तापल्यावर फुगत नाही, प्रेशर स्थिर राहतं", ते बरोबर नाही. आपण श्वास घेतो ती हवाच ७८ टक्के नायट्रोजन आहे, आणि तापल्यावर कोरडी हवा व नायट्रोजन सारखेच वागतात. तापमान १० अंश सेल्सियसने चढलं की साधारण दीड पीएसआय वाढणारच, आत काहीही असो. थंडी सुरू झाली की एकाच आठवड्यात चारही टायर दोन-तीन पीएसआयने खाली दिसतात ते यामुळेच, आणि नायट्रोजन असतानाही मला ते दिसलं होतं. विमानाच्या टायरात नायट्रोजन असतो हेही खरं. तिथलं कारण मात्र झीज हे नसून आग हे आहे. ब्रेक भयंकर तापतात आणि अशा वेळी आत ऑक्सिजन असणं धोक्याचं असतं.

एवढं वाचून दोन्ही सारखेच वाटतील. माझा कौल ज्या एका गोष्टीने फिरला तिचा वायूच्या गुणधर्मांशी संबंधच नव्हता.

नायट्रोजन भरल्यावर पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या वर्षी डाव्या पुढच्या टायरात खिळा गेला. पंक्चर काढणाऱ्याकडे साधीच हवा होती. आत नायट्रोजन आहे म्हटल्यावर तो म्हणाला, "मग मिसळू नका साहेब, मी गाडी चालेल एवढीच भरतो, बाकीची नायट्रोजनवाल्याकडे भरून घ्या." त्याने २६ पीएसआय भरली, स्टिकरवर ३३ होतं. नायट्रोजनचं मशीन असलेली जागा माझ्या रोजच्या वाटेवर नव्हती. एकदा वाकडी वाट करून गेलो तर मशीन बंद, एकदा गेलो तर पुढे चार गाड्या. साधी हवा रोज वाटेत दिसत होती आणि "मिसळू नका" म्हणून मी ती भरत नव्हतो. असे तीन आठवडे गेले. पुढे हे पाच-सहा वेळा झालं, कधी एका टायरबाबत, कधी चारही. टायर २७-२८ वर, आणि मी सवड होण्याची वाट बघतोय. डोळ्यांना काहीच कळत नाही, कारण रेडियल टायर खालून थोडा फुगलेला दिसतोच, मग ३३ असो की २७.

हवा कमी असली की टायरचा मधला पट्टा आत दबतो, भार दोन्ही कडांवर येतो, बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते आणि त्या वाकण्याने रबर तापतं. तापलेल्या कडा लवकर झिजतात. ३६ हजार किलोमीटरला पुढच्या दोन टायरांच्या कडेच्या खाचांत झीज दाखवण्यासाठी ठेवलेले छोटे उंचवटे नक्षीच्या बरोबरीला आले. ते १.६ मिलीमीटरवर असतात, म्हणजे टायर संपला. मधल्या खाचांत मात्र मोजून ३ मिलीमीटर नक्षी शिल्लक होती. ते ३ मिलीमीटर रबर मी फेकून दिलं. याचं मला आजही वाईट वाटतं, कारण दोन्ही कडा सारख्या झिजल्या होत्या, म्हणजे अलाइनमेंटला, चाकांच्या दिशेच्या जुळणीला, दोष देता येत नव्हता. हवा कमी राहिली, इतकंच.

नंतर मी हिशेब करून पाहिला, आणि तोच मी प्रत्येकाला सांगतो. समजा तुमच्या टायरात ९५ टक्के नायट्रोजन आहे आणि प्रेशर २८ वर आलंय. त्यात साध्या हवेने ५ पीएसआय भरून ३३ केलं, तर नायट्रोजनचं प्रमाण ९५ वरून ९३ टक्क्यांच्या आसपास येतं. दोन टक्के! एवढ्याशा फरकासाठी मी महिनोन्‌महिने कडा झिजवत होतो. उलट्या बाजूनेही बघा. आधी साधी हवा असलेल्या टायरात नुसता वरून ५ पीएसआय नायट्रोजन भरला, तर आतली हवा आहे तशीच राहते म्हणायला हरकत नाही. टायर पूर्ण रिकामा करून एकदा भरला तर ९३ टक्क्यांपर्यंत जातो, दोनदा रिकामा करून भरला तर ९८ च्या घरात. तेव्हा नायट्रोजन घेणारच असाल तर वॉल्व्हची पिन काढून पूर्ण रिकामा करतात की नाही ते उभं राहून बघा.

दुसऱ्या संचाच्या वेळी मी साधी हवा घेतली आणि गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा छोटा पंप घेतला. खरा फरक या पंपामुळे पडला असावा, असं मला वाटतं. कारण स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो. गाडी निदान तीन तास उभी असलेली हवी, म्हणजे सकाळी निघण्याआधी. हवा भरायला चार-पाच किलोमीटर चालवत नेलं की टायर तापतो आणि प्रेशर दोन-तीन पीएसआय वर दिसतं. भरणारा काट्यावर ३३ बघून थांबतो, आणि दुसऱ्या दिवशी थंड टायर ३० किंवा ३१ असतो. नियमितपणे हवा भरून घेणाऱ्यांचे टायरही कायम थोडे कमी राहतात ते असे. नायट्रोजनचं मशीन घरी नसतं, म्हणून त्या टायरांबाबत हे दर वेळी घडतं. साध्या हवेला दारात उभ्या गाडीत भरण्याची सोय आहे, आणि माझ्या मते तिचा हाच सर्वांत मोठा गुण आहे.

पंपाची गैरसोयही सांगायला हवी. आवाज करतो, सकाळी सहाला शेजाऱ्यांना आवडत नाही. एका टायरात ४-५ पीएसआय भरायला दोन-तीन मिनिटं लागतात, आणि चारही सलग भरले तर पंप हाताला चटका बसेल इतका तापतो, म्हणून मी दोन टायरनंतर थोडं थांबतो. त्याच्यावरचा डिजिटल आकडा माझ्या वेगळ्या गेजपेक्षा (प्रेशर मोजायच्या उपकरणापेक्षा) एक पीएसआय जास्त दाखवतो. यातला कुठला खरा याची मी फार चिंता करत नाही. दर वेळी एकाच गेजने मोजायचं, म्हणजे निदान चढउतार तरी खरे कळतात. निरनिराळ्या ठिकाणच्या काट्यांवर विसंबलं तर तेवढंही कळत नाही.

पंप घ्यायचा नसेल तर एक मधला मार्ग आहे, आणि तो नायट्रोजनवाल्यांनाही चालतो. फक्त गेज घ्या. सकाळी थंड टायर मोजून कुठला किती कमी आहे ते कागदावर लिहा: पुढचा डावा ४, मागचा उजवा २. मग भरायच्या ठिकाणी काटा काहीही दाखवो, त्या वेळी दिसेल त्या आकड्यावर तेवढीच भर घालून घ्या. तिथे ३१ दिसलं आणि कमतरता ४ ची असेल तर ३५ पर्यंत भरायला सांगा. समोरचा माणूस कदाचित हुज्जत घालेल, पण हिशेब बरोबर आहे. तापलेल्या टायरातून जास्त दिसतेय म्हणून हवा सोडू मात्र नका.

हवा कमी झाली की लागणारा डॅशबोर्डवरचा दिवा आहे की, असं कोणी म्हणेल. अमेरिकेच्या नियमात तो दिवा २५ टक्के प्रेशर उतरल्यावर लागला पाहिजे असं आहे. म्हणजे ३३ चं जवळपास २५ होईपर्यंत तो गप्प राहिला तरी नियमात बसतो. अपघात टाळायला तो चांगला आहे, पण झीज त्याआधीच सुरू झालेली असते. तुमच्या गाडीत प्रत्येक टायरचा आकडा दिसत असेल तर गोष्ट वेगळी. मग सकाळी चावी फिरवल्यावर दिसणारा आकडा बघायची सवय लावा.

नायट्रोजन कोणी घ्यावा? गाडी महिनोन्‌महिने उभी राहत असेल आणि हवा तपासायला कोणीच नसेल, किंवा नायट्रोजनचं मशीन तुमच्या अगदी रोजच्या वाटेवर असेल आणि तिथला माणूस थंड टायरचा हिशेब समजून घेणारा असेल, तर घ्या, नुकसान काहीच नाही. फक्त कमी पडली की साधी हवा बिनधास्त भरायची हे आधी ठरवून घ्या. ते मनाला पटत नसेल तर नायट्रोजनच्या वाटेला न गेलेलं बरं.

आणि यांपैकी कोणताही पर्याय अलाइनमेंटचं काम करणार नाही. टायर एकाच कडेने खाल्ला जात असेल, किंवा नक्षीवरून हात आडवा फिरवल्यावर एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं खरखरीत लागत असेल, तर चाकांची दिशा बिघडलेली आहे. तिथे हवा किती का भरा. जागोजागी खड्डे पडल्यासारखी झीज दिसली तर शॉक ॲब्सॉर्बर किंवा बॅलन्सिंग बघायला घ्या. नुसता मधला पट्टा झिजत असेल तर हवा जास्त होतेय. मऊपणासाठी हवा कमी ठेवणारे भेटतात, तसे मायलेजसाठी मुद्दाम ५-६ पीएसआय जास्त ठेवणारेही भेटतात, त्यांच्याकडे हे दिसतं. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळते अशा गाडीत पुढचे टायर लवकर झिजतात, म्हणून दर ८ ते १० हजार किलोमीटरला पुढचे-मागचे बदलून घेणं दोन्ही पर्यायांत सारखंच लागू. दिशा ठरलेले, बाजूवर बाण असलेले टायर असतील तर ते त्याच बाजूला पुढे-मागे करायचे.

आत्ताचा संच ४० हजारांवर आलाय. नवा असताना ८ मिलीमीटर नक्षी होती. गेल्या आठवड्यात पुढचे टायर मोजले: मधे ३.९, कडेला ३.७. आधीच्या संचात याहून चार हजार किलोमीटर आधीच कडा संपल्या होत्या. टायर वेगळ्या कंपनीचे आहेत हे पुन्हा सांगतो, नाहीतर सगळं श्रेय पंपाला दिल्यासारखं होईल. पण कडा आणि मधला भाग इतका सारखा झिजला आहे, त्याचं श्रेय मी दर पंधरा दिवसांच्या त्या सकाळच्या मोजणीलाच देतो.

आज सकाळची नोंद: पुढचे दोन्ही ३३, मागचा डावा ३२, मागचा उजवा २९. पंधरा दिवसांपूर्वी चारही ३३ होते. एकटाच उतरलाय, म्हणजे झिरपणं नाही. हवा भरून ठेवली आहे. संध्याकाळी साबणाचं पाणी घेऊन आधी वॉल्व्ह तपासेन, मग नक्षीत खिळा आहे का ते बघेन.