नॅशनल पार्कातली सीझनल नोकरी: खोली, मेस आणि हातात पडणारा पगार

अमेरिकेतल्या नॅशनल पार्कात हंगामी नोकरी घेणं म्हणजे काम, खोली आणि जेवण असं तिहेरी पॅकेज घेणं. तिन्ही एकाच मालकाकडून मिळतात, त्यामुळे एक बिघडलं की बाकीची दोनही बिघडतात. जाहिरातीत गायझर (जमिनीतून उसळणारे गरम पाण्याचे फवारे) आणि बर्फाचे डोंगर असतात. ऑफर लेटरमध्ये असतो ताशी दर, रोजची कपात आणि करार संपण्याची तारीख. परीक्षण करायचं ते या दुसऱ्या कागदाचं. निकाल आधीच सांगायचा तर, पार्क पायाखाली घालायचा असेल तर यापेक्षा स्वस्त मार्ग नाही. पैसे साठवायला बेताचा. आणि "कोणता पार्क" यापेक्षा "पार्कातलं कोणतं ठिकाण आणि कोणतं खातं" यावर सगळा हंगाम ठरतो.

नोकरी देणारे दोन, आणि लोक त्यांची सर्रास गल्लत करतात. करडा शर्ट आणि सपाट कडांची हॅट घालणारे रेंजर नॅशनल पार्क सर्व्हिसचे, म्हणजे सरकारी. त्यांचे अर्ज युएसएजॉब्ज या सरकारी नोकऱ्यांच्या संकेतस्थळावर, बहुतेक पदांना अमेरिकन नागरिकत्व लागतं, आणि उन्हाळ्याच्या जागा आदल्या शरद-हिवाळ्यातच निघतात. काही जाहिराती ठरावीक संख्येने अर्ज आले की मुदतीआधीच बंद होतात. तात्पुरत्या नेमणुकीला वर्षाला १,०३९ तासांची मर्यादा असते, पूर्णवेळ वर्षाच्या निम्म्याला एक तास कमी. हे काम प्रतिष्ठेचं, पण सरकारी वाऱ्याबरोबर हलणारं: जानेवारी २०२५ मध्ये हंगामी लोकांना दिलेल्या ऑफर एकदम मागे घेतल्या गेल्या आणि फेब्रुवारीत भरती पुन्हा सुरू झाली. तोवर कित्येकांनी दुसरीकडे होकार दिलेला होता.

हॉटेल, उपाहारगृह, दुकान, पेट्रोल पंप, घोडे, बस हे सगळं कन्सेशनर, म्हणजे पार्क सर्व्हिसशी करार केलेल्या खासगी कंपन्या चालवतात. यलोस्टोन पार्कात लॉज, म्हणजे आतली हॉटेलं, झँटेराकडे, जनरल स्टोअर डेलावेअर नॉर्थकडे. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी पार्कात २०१६ पासून अ‍ॅरामार्क. पुढचं सगळं या कन्सेशनच्या नोकऱ्यांबद्दल, आणि उदाहरणाला मुख्यतः यलोस्टोन, कारण तिथे प्रत्येक प्रकारचं ठिकाण सापडतं.

यलोस्टोन २२ लाख एकरांचं आहे. आतल्या रस्त्यावर वेगमर्यादा बहुतेक ठिकाणी ताशी ४५ मैल, आणि बायसनचा (रानगव्यासारख्या प्राण्यांचा) कळप रस्त्यात उभा राहिला तर तीही कागदावरच. म्हणून पार्कातल्या कोणत्या वस्तीत नेमणूक आहे हे फार महत्त्वाचं. मॅमथ या वस्तीहून पार्काबाहेरचं गार्डिनर गाव पाचेक मैलांवर: किराणा, बँक, माणसं. शिवाय उत्तर आणि ईशान्य दरवाज्यांमधला रस्ता गाड्यांसाठी वर्षभर उघडा असतो, पार्कातले बाकीचे बहुतेक रस्ते हिवाळ्यात बंद होतात. ओल्ड फेथफुलहून वेस्ट यलोस्टोन गाव साधारण ३० मैल, म्हणजे गाडी असेल तर सुट्टीच्या दिवशी जमतं. लेक आणि ग्रँट व्हिलेज मात्र खरोखर आडबाजूला. तिथून कोडी किंवा जॅक्सन या गावांना जाऊन येण्यात दिवस संपतो. गाडी नसलेल्याने लेक स्वीकारण्याआधी कर्मचाऱ्यांसाठी गावाला शटल आहे का, आठवड्यातून किती वेळा, हे विचारावं. रूझवेल्ट सर्वांत छोटं. तिथे सगळे सगळ्यांना ओळखतात, याचा फायदा आणि ताप दोन्ही. कॅन्यन सर्वांत मोठं, पाचशेच्या वर खोल्या, त्यामुळे हाऊसकीपिंगचं काम तिथे आटत नाही आणि तासही कमी पडत नाहीत.

खोली दोघांत एक, न्हाणीघर मजल्यावर सामायिक, एक खिडकी, दोन पलंग, दोन कपाटं. जोडप्यांना वेगळी खोली मिळू शकते, पण ती अर्जातच मागावी लागते. पोहोचल्यावर मागून मिळत नाही. रूममेट आधीच ठरलेला असेल तर दोघांनी एकमेकांची नावं अर्जात लिहावीत. नाहीतर शिफ्टचा मेळ बसत नाही: एक पहाटे साडेपाचला न्याहारीच्या कामाला उठतो, दुसरा रात्री एकला बार बंद करून येतो. कानातले बोळे आणि डोळ्यांवरची पट्टी ही सामानातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी वस्तू. त्याखालोखाल आंघोळीच्या चपला, कुलूप, लांब चार्जिंग केबल. शेगडी, हॉटप्लेट, उघडी कॉइल असलेलं काहीही डॉर्ममध्ये, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या वसतिगृहात, बहुतेक ठिकाणी चालत नाही. इमारती जुन्या, वायरिंगही जुनं, आणि धुराचा अलार्म वाजला की अख्खा मजला रात्री बाहेर. राइस कुकरचा नियम डॉर्मगणिक बदलतो, तेव्हा बॅगेत भरण्याआधी विचारावं. ही ठिकाणं साधारण सहा ते आठ हजार फुटांवर आहेत. पहिले दोन-तीन दिवस डोकं जड राहतं, पाणी भरपूर प्यावं आणि पहिल्याच सुट्टीत मोठा ट्रेक काढू नये.

खोलीचा खरा शत्रू उंदीर. २०१२ मध्ये योसेमिटीच्या करी व्हिलेजमधल्या तंबू-केबिनशी जोडलेली हंताव्हायरसची साथ आली, दहा जणांना लागण झाली आणि तिघे दगावले. विषाणू डियर माउस या रानउंदराच्या वाळलेल्या लेंड्या-मुतातून धुळीबरोबर श्वासात जातो. म्हणून बंद पडलेली केबिन पहिल्यांदा उघडताना झाडू किंवा व्हॅक्यूम अजिबात लावायचा नाही. दारं-खिडक्या उघडून अर्धा तास बाहेर थांबायचं, हातमोजे घालायचे, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं द्रावण लेंड्यांवर शिंपडून पाच मिनिटं भिजू द्यायचं, मग कागदी टॉवेलने टिपून पिशवीत बांधायचं. खाण्याचं सगळं कडक झाकणाच्या डब्यात. चिप्सचं उघडं पाकीट उशाशी ठेवणारा रूममेट मिळाला तर पहिल्याच दिवशी बोलावं.

मेसला सगळे ईडीआर म्हणतात, एम्प्लॉयी डायनिंग रूम. तीन वेळा बुफे, वेळा पक्क्या. पोट भरतं, चव आचाऱ्यावर, आणि आचारी हंगामात बदलतात. शाकाहारी माणसाचं सॅलड बार, बीन्स, भात, पास्ता यावर निभतं, पण जुलै संपेपर्यंत कंटाळा येतो. स्वतःचं तिखट आणि एखादा मसाला न्यावा. जेवणाची कपात जेवलात किंवा नाही जेवलात तरी होते, ती खोलीबरोबरच बांधलेली असते. शिफ्ट जेवणाच्या वेळेत येत असेल तर डबा बांधून मिळतो का, हे पहिल्याच आठवड्यात मेसच्या मॅनेजरला विचारून ठेवावं.

आता खाती. हाऊसकीपिंगला लोक नाकं मुरडतात आणि तिथेच चुकतात. काम कष्टाचं: चादरी ओढणं, न्हाणीघर घासणं, कंबर आणि मनगट धरणं. पण सकाळी सुरू होऊन दुपारी संपतं, आणि जूनमध्ये उजेड रात्री नऊपर्यंत असतो. रोज संध्याकाळी चार-पाच तास फिरायला मिळणारं दुसरं खातं विरळाच. फरक पडतो तो इमारतीमुळे. एका छपराखालच्या हॉटेलात गाडा कॉरिडॉरमधून ढकलायचा. सुट्या केबिन असतील तर चादरींचे गठ्ठे खडीवरून, पावसात, हाताने न्यायचे. १९०४ च्या ओल्ड फेथफुल इनच्या जुन्या भागात बऱ्याच खोल्यांना स्वतःचं न्हाणीघर नाही, म्हणजे सामायिक न्हाणीघरं दिवसातून पुन्हापुन्हा साफ करावी लागतात.

भांडी घासण्याच्या खात्यात सगळ्यांत लवकर नोकरी मिळते आणि सगळ्यांत लवकर लोक सोडतात. वाफ, ओले पाय, घसरडी फरशी. न घसरणारे काळे बूट विकत घेतानाच अर्धा नंबर मोठे घ्यावेत, जाड मोजे बसतात. इथे महिनाभर न चुकता हजर राहणाऱ्याला जुलैत कोणी पळालं की बदली मागता येते, आणि बऱ्याचदा मिळते. फ्रंट डेस्क दिसायला सोपा. पण यलोस्टोनच्या बहुतेक खोल्यांत टीव्ही नाही, एसी नाही, मोबाइलला रेंज असेलच असं नाही, आणि वर्षभर आधी बुकिंग करून आलेल्या पाहुण्याला हे काउंटरवर कळतं. ऐकून घ्यायची तयारी असेल तरच हे काम घ्यावं. नाइट ऑडिटला (रात्रभर फ्रंट डेस्क आणि दिवसाचा हिशोब सांभाळणं) दिवस मोकळा मिळतो खरा, पण डॉर्ममध्ये दिवसा झोप मिळेल या भरवशावर राहू नये.

टेबलवर वाढण्याचं काम सर्वांत कमाईचं, अटींसह. यलोस्टोनचा बहुतेक भाग वायोमिंगमध्ये येतो. तिथे टिप मिळवणाऱ्याला ताशी २.१३ डॉलर मूळ दर देणं कायद्यात बसतं, टिप धरून ७.२५ भरले म्हणजे झालं. शेजारच्या मोंटानात अशी सूट नाही, टिप किमान वेतनाच्या वर. नव्या माणसाला सहसा न्याहारीची पाळी मिळते, टिप पडते ती रात्रीच्या जेवणाला. मुलाखतीत "नवीन माणसाला रात्रीची पाळी कधीपासून?" एवढं विचारलं तरी बरंच कळतं.

पगाराचा हिशोब उदाहरणाने. ताशी १५ डॉलर, ४० तास, म्हणजे आठवड्याला ६००. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर (सरकारी पेन्शन आणि आरोग्यविम्याची कपात) ७.६५ टक्के, ४६ गेले. फेडरल कर साधारण ३०. खोली-जेवण ११० धरू. हातात ४१४. वायोमिंगमध्ये राज्याचा प्राप्तिकर नाही, तेवढा दिलासा. गोम पुढे आहे: हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटी तास घटतात, खोली-जेवणाची कपात घटत नाही. ३२ तासांच्या आठवड्यात हातात ३१५ च्या आसपासच उरतात. ओव्हरटाइमचंही नीट समजून घ्यावं. फेडरल कायद्यात पार्कातल्या कराराधीन करमणूक आणि मनोरंजन आस्थापनांना ४० ऐवजी ५६ तासांनंतर दीडपट देण्याची मुभा आहे. आपल्या खात्याला कोणता आकडा लागू, हे लेखी विचारावं; आठवड्याला ५० तासांची स्वप्नं बघणाऱ्याचा अख्खा हिशोब इथेच फिरतो. करार पूर्ण केल्यावर मिळणारा बोनस शेवटच्या तारखेशी बांधलेला असतो. कॉलेज ऑगस्टच्या मध्याला सुरू होत असेल तर सप्टेंबरअखेरची तारीख स्वीकारून बोनस गृहीत धरू नये, आधीच लवकरची तारीख मागावी. अशा तारखा मिळतात, फक्त ऑफरच्या वेळी.

कागदपत्रांत सर्वांत जास्त माणसं अडकतात ती आय-९ फॉर्मवर. ओळख आणि कामाचा हक्क दाखवणारी मूळ कागदपत्रं काम सुरू झाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत दाखवावी लागतात. झेरॉक्स, फोनमधला फोटो, स्कॅन चालत नाही. पासपोर्ट घरी आणि जवळचं कुरियर ऑफिस साठ मैलांवर, अशी अवस्था दर मे महिन्यात कोणाची तरी होते.

अमेरिकेत एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर शिकणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं: कॉलेजाबाहेरचं काम सीपीटी किंवा ओपीटी या प्रशिक्षण-परवानग्यांशिवाय सहसा करता येत नाही, आणि दोन्ही अभ्यासक्रमाशी निगडित असावी लागतात. लॉजमध्ये चादरी बदलणं त्यात बसवता येत नाही. "उन्हाळ्यात सगळेच करतात" यावर व्हिसा घालवू नये. परदेशातल्या विद्यापीठात शिकणाऱ्यांसाठी जे-१ या व्हिसाचा समर वर्क ट्रॅव्हल (उन्हाळी काम आणि प्रवास) हा वेगळा मार्ग आहे, जास्तीत जास्त चार महिन्यांचा, तोही मान्यताप्राप्त स्पॉन्सरमार्फत. त्यात वाहनचालकाची आणि मुख्यतः रात्री १० ते सकाळी ६ मध्ये येणारी कामं चालत नाहीत, म्हणजे नाइट ऑडिट बाद. या व्हिसावर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरची कपात होत नसते. पहिल्या पगारपत्रकावरच बघावं, चुकून कापलेली दिसली तर लगेच पेरोलकडे जावं. हंगाम संपल्यावर पाठपुरावा करणं कटकटीचं होतं.

बेअर स्प्रे (अस्वलाला परतवायचा तिखट फवारा) विमानात नेता येत नाही, चेक-इन सामानातही नाही. तिथेच घ्यावा, मुदतीची तारीख बघून. मावळत्या हंगामात घरी जाणारे लोक वापर न झालेले डबे मागे ठेवून जातात, ते बरेचदा मुदतीतले असतात. योसेमिटीत मात्र बेअर स्प्रे बाळगायलाच बंदी आहे. यलोस्टोनमध्ये अस्वल-लांडग्यापासून १०० यार्ड, बायसन आणि एल्कपासून (मोठ्या हरणापासून) २५ यार्ड लांब राहायचं. हा नियम कर्मचाऱ्यांनाही आहे, आणि डॉर्मच्या दारात बायसन बसला असेल तर दुसऱ्या दाराने जायचं किंवा थांबायचं. कामाला उशीर होण्याचं हे कारण मॅनेजर मान्य करतात.

काढून टाकलं किंवा राजीनामा दिला तर नोकरीबरोबर खोलीही जाते, आणि मुदत फार थोडी मिळते. हंगामही मध्येच संपू शकतो: जुलै २०२५ मध्ये ग्रँड कॅन्यनच्या नॉर्थ रिमवरचं (उत्तर काठावरचं) लॉज वणव्यात जळालं आणि तिथला उरलेला हंगाम बुडाला. परतीचं तिकीट आणि दोन आठवड्यांचा खर्च एवढी रक्कम पहिल्या दिवसापासून बाजूला असावी, ती मोडून गार्डिनरमध्ये बूट घेऊ नयेत.

उन्हाळ्यानंतरही हेच चालू ठेवायचं असेल तर डेथ व्हॅली आणि एव्हरग्लेड्स हे पार्क पाहावेत, तिथला मुख्य हंगाम हिवाळ्याचा. डेथ व्हॅलीच्या जागांसाठी ऑगस्टमध्येच, यलोस्टोनच्या डॉर्ममधूनच अर्ज टाकावा. यलोस्टोनची लॉज आणि डेथ व्हॅलीतलं मोठं हॉटेल झँटेराच चालवते, तेव्हा बदलीबद्दल सध्याच्या एचआरकडेच पहिली विचारणा करता येते.